बाळाला न्हाऊ घालताना मी जे सांगत आले

तेहतीस वर्षं मी नर्सबाई म्हणून काढली. 'केली' म्हणत नाही, 'काढली' म्हणते, कारण शेवटची पाच-सहा तर खरोखर ओढत काढली. साक्री तालुक्यातलं माझं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा, लसींचा डबा आणि भिंतीवर चार तक्ते. हाताखाली पाच गावं आणि डोंगरातले पाडे. बाजाराच्या दिवशी बायका लेकरं काखेला मारून यायच्या. बाजारही होईल आणि लसही होईल, एका फेरीत दोन कामं.

मी एकीकडे सुई भरायची, दुसरीकडे रजिस्टर लिहायची आणि तोंडाने सल्ले चालू ठेवायची. ते सल्ले मला झोपेतही म्हणता आले असते. सहा महिने अंगावरचंच दूध. नाळेला काही लावायचं नाही, राख नाही, हळद नाही. डोळ्यांत काजळ नाही. आणि मुलगा असेल तर रोज आंघोळीच्या वेळी तेलाचं बोट लावून शूच्या जागेची कातडी थोडी थोडी मागे सारायची, आत पांढरं साचतं ते पुसायचं, नाहीतर कातडी चिकटून बसते आणि पुढे ऑपरेशन करावं लागतं. हे शेवटचं मी जरा दाबून म्हणायचे. ऑपरेशन म्हटलं की बाई ऐकते, हे मला पहिल्या वर्षातच कळलं होतं.

हे मला कोणी शिकवलं? आमच्या ट्यूटरबाईंनी. कडक इस्त्रीची पांढरी साडी, हातात पट्टी, आणि त्या सांगतील ते वहीत उतरवायचं. त्यांना कोणी शिकवलं ते देव जाणे. आम्ही विचारलं नाही. त्यांना विचारायची आमची टापच नव्हती.

आता बघा, बाकीचे सल्ले बरोबरच होते. नाळेला राख लावणाऱ्या म्हाताऱ्यांशी मी कमी भांडले का? एका म्हातारीने तर मला उंबऱ्याबाहेर काढलं होतं. त्या सगळ्या भांडणांत मी बरोबर होते आणि त्या चूक होत्या. त्यामुळे झालं असं की माझ्या तोंडून निघेल ते शास्त्र आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून निघेल ते अडाणीपण, अशी माझी खात्रीच होऊन बसली. बायका म्हणायच्या, "सिस्टर, पोऱ्या लई रडस." मी म्हणायचे, रडू दे, रडल्याने काही होत नाही. एक जण म्हणाली, बादली दिसली तरी किंचाळतो. मी म्हटलं, तुमच्या लाडाने बिघडलाय. असं मी किती जणींना म्हटलं असेल, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही म्हणून बरं.

माझ्या स्वतःच्या मुलालाही मी तसंच केलं. तो आता पस्तिशीचा आहे, नाशकाला असतो, त्याला मूलबाळ आहे. लहानपणी त्याला आंघोळीला धरून आणावं लागायचं, शेजारपाजारचे हसायचे. आज त्याला त्याबद्दल काही विचारावं असं मनात येतं, पण आई-मुलात हे बोलायचं कसं? आमच्याकडे अशा बोलण्याला जागाच नाही. तोही विचारत नाही आणि मीही नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना धुळ्याला एक ट्रेनिंग होतं. ट्रेनिंग म्हणजे सकाळी सही, दुपारी जेवण, मध्ये डुलक्या. आम्ही सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या बाया, कोणाचे गुडघे, कोणाची शुगर. दुपारच्या जेवणानंतर एक तरुण बालरोगतज्ज्ञ आला. पोरगेलासा होता, माझ्या मुलापेक्षाही लहान. फळ्यावर त्याने चित्र काढलं आणि मागच्या रांगेत दोघी-तिघी रुमालात हसल्या. वयं काय आणि हसणं काय! तो मुलगा मात्र न लाजता बोलत राहिला.

म्हणाला, "जन्मलेल्या मुलाची ही कातडी आतल्या भागाला चिकटलेलीच असते. तो आजार नाही, ती तशीच असायला हवी. नख बोटाला चिकटलेलं असतं, ते कोणी उचकटतं का? ती आपली आपण सुटते. कुणाची तीन वर्षांचा असताना, कुणाची सात-आठ वर्षांचा झाल्यावर, कुणाची तर वयात येताना. तोवर बाहेरून साध्या पाण्याने धुवा, जसं बोट धुता तसं. आत साबण नको, तेल नको, कापूस नको. पांढरे दाणे दिसले तर तो पू नाही, झडलेली कातडी आहे, तीही आपोआप बाहेर येते. शू करताना पुढे जरा फुगल्यासारखं दिसलं, पण धार नीट आहे, पोर रडत नाही, तर तेही चालतं. लाल झालं, सुजलं, पू आला, ताप आला, धार बारीक झाली, शू अडली, तर मात्र दवाखाना."

मग खडू ठेवून तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "आणि सिस्टर, तुमच्यातल्या बऱ्याच जणी कातडी मागे ओढायला सांगतात, मला माहीत आहे. ओढलं की बारीक फाटतं. फाटलेलं भरून येताना कडक होतं. आज इतकं, उद्या तितकं. मग ज्या ऑपरेशनची तुम्ही भीती घालता ते आपल्याच हाताने ओढवून घेता."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. अक्षरही चांगलं काढलं, खाली रेघ मारली. शेजारची सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "झालं! आता इतकी वर्षं आपण काय भाजी विकत होतो?" मी हसले. पण संध्याकाळचा चहा तसाच ठेवून उठले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी ठरवलं की पुढच्या लसीकरणाच्या दिवशी सगळ्या बायकांना सांगायचं. बायांनो, मी चुकीचं सांगत होते, आता असं करा. साधं वाक्य आहे. पण तो दिवस आला, समोर पंधरा-वीस जणी बसलेल्या, निम्म्या तर अशा की ज्यांच्या मोठ्या मुलांच्या वेळी मीच दाबून दाबून सांगितलेलं. त्यातल्या एकीने जरी विचारलं असतं, "सिस्टर, मांगे तर तुम्हीच सांगेल व्हतं," तर मी काय उत्तर दिलं असतं? मी सुई भरत राहिले. जुना सल्ला सांगितला नाही, एवढं खरं. नवाही सांगितला नाही. म्हटलं पुढच्या वेळी. पुढच्या वेळी सर्व्हे आला, मग पोलिओचं आलं, मग माझी साडेसाती गुडघेदुखी. चुकीचं सांगणं मी बंद केलं आणि त्यालाच सुधारणा म्हणून बसले. खरं सांगायचं तर मी दमले होते, आणि दमलेल्या माणसाला कारणं आपोआप सापडतात.

निवृत्त होऊन मी धुळ्याला, देवपूरच्या घरी आले. यजमान आधीच गेलेले. वर्षाच्या आत मुलीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे झालं. तिचं सासर जळगावचं, शेतीवाडीवाली माणसं, स्वभावाने चांगली. मुलगा झाला. जावयांनी पेढ्यांचे तीन बॉक्स आणले आणि माझ्या पाया पडले. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

सव्वा महिना बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला एक अक्का यायची. साठीची, हाडकुळी, बोटं मात्र लोखंडाची. अक्का पाटावर बसायची, पाय लांब करायची, पायांवर बाळ घ्यायची आणि त्याला तेल चोळताना त्याच्याशी अहिराणीत गप्पा मारायची. बाळही गुमान पडून राहायचं. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. टाळूवर तेल थापणं, नाक चिमटीत धरून सरळ करणं, धुरी देणं, हे तिचे सगळे प्रकार मला पसंत नव्हते. धुरी तर मी पहिल्याच दिवशी बंद करवली होती. ती म्हणाली, "तुम्ही शिकेल माणसं, तुमनं बरोबर व्हई." आणि शेगडी बाहेर ठेवून आली.

पाचव्या-सहाव्या दिवशीची गोष्ट. सकाळचं ऊन मोरीत आलेलं. मुलगी दाराशी स्टुलावर बसून बघत होती, शिकत होती. तिने विचारलं, "आई, ती कातडी मागे घेऊन धुवायची ना? तू सगळ्यांना सांगायचीस तसं?" लहानपणी ती माझ्याबरोबर उपकेंद्रावर येऊन बसायची, तिला माझे सल्ले पाठ होते.

मी तोंड उघडायच्या आत अक्काच म्हणाली, "नही वं बाय, तठे हात नको लावू. ते आपलं आपण व्हस. मना पाच आंडोर शेतस, कोनलेच हात नही लावा. बठ्ठा चांगला शेतस."

पाच मुलगे आहेत, कोणालाही हात लावला नाही, सगळे चांगले आहेत. दोन-अडीच वर्षांपूर्वी धुळ्याच्या त्या हॉलमध्ये शिकलेला डॉक्टर जे बोलला, तेच ही बाई पाटावर बसून बोलली. मला फक्त मान हलवायची होती. "अक्का म्हणते ते खरं आहे." संपलं असतं.

पण माझ्या घरात, माझ्या मुलीसमोर, अक्काने मला शिकवावं? माझ्या सल्ल्यावर "नही" म्हणावं? अंगातून असा सणका गेला की काय सांगू! वहीतली रेघ मला दिसत होती, शब्दन् शब्द आठवत होता, आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "अक्का, तुम्ही मालिश करा. यातलं तुम्हाला कळत नाही. हे मी बघते."

अक्काने बाळ माझ्या हातात दिलं आणि पदराने हात पुसत उठली. मी मुलीला दाखवलं कसं करायचं ते. थोडंसंच, हलकंसंच, असं मनाला सांगत दाखवलं. बाळ रडलं. अक्काने त्या वेळी माझ्याकडे बघितलं नाही, ती पाणी विसणायला गेली होती.

त्या दिवशी दुपारी मुलीला सांगून टाकू, असं मी ठरवलं. मग म्हटलं, अक्काचा सव्वा महिना संपू दे, तिच्यासमोर नको. सव्वा महिना संपला, अक्काला साडी नेसवली, नारळ दिला, ती गेली. मग बारशाची गडबड. मग जावई न्यायला आले. गाडीत बसताना मुलगी म्हणाली, "आई, सगळं तू सांगितलंस तसंच करीन." मी म्हटलं, हो. त्या 'हो'चं मला आजही नवल वाटतं. साधं "नको" म्हणायचं होतं.

पुढची तीन वर्षं ती फोन करायची. दात आले, चालायला लागला, वरण-भात खातो, वांग्याचं भरीत सुद्धा खातो, तिखट चालतं. आंघोळीचं काही निघालं की मी दोन शब्दांत उरकून विषय बदलायचे. मनात म्हणायचे, इतकी मुलं वाढली की माझ्या सल्ल्याने, कुठे काय झालं? नसेलच होत सगळ्यांना. हा एक आधार मी घट्ट धरून ठेवला होता.

चवथं वर्ष लागलं आणि एका दुपारी तिचा फोन आला, रडतच. शू करताना तो ओरडतो, धार दोऱ्यासारखी बारीक झालीय, जागा लाल झालीय, आणि पुढची कातडी पांढरट, कडक दिसते. इथल्या डॉक्टरांनी मुलांच्या सर्जनकडे पाठवलंय. "आई, ऑपरेशन म्हणतायत गं."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. धुळे ते जळगाव हा रस्ता मी आयुष्यात शंभर वेळा केला असेल, पण त्या दिवशी पारोळा आला कधी आणि एरंडोल गेलं कधी, काही कळलं नाही. पर्समध्ये मी माझी ट्रेनिंगची वही घेतली होती. कशाला घेतली होती ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

घरी पोचले तर विहीणबाई भिंतीला टेकून बसलेल्या. म्हणाल्या, "विहीणबाई, आपल्यात हे करतात का हो? लोक काय म्हणतील? पोराचं पुढे लग्न-बिग्न..." मी म्हटलं, "लोकांचं राहू द्या, आधी पोराचं बघू." बोलले मात्र मोठ्या ऐटीत. नातू येऊन माझ्या गुडघ्याला मिठी मारून उभा राहिला. "आजी, डॉक्टर कापणार?" घरात कोणीतरी त्याच्यासमोर बोललं होतं. मला इतका राग आला सगळ्यांचा, आणि त्याहून जास्त माझा.

सर्जन वयस्क होते, आवाज हळू. त्यांनी नातवाला आधी त्याच्या बुटांबद्दल विचारलं, तुला तपासू का असं विचारलं, आईला जवळ उभं केलं आणि मग तपासलं, तेही अर्ध्या मिनिटात. मग चष्मा काढून म्हणाले, "कातडी पुन्हा पुन्हा ओढली गेली आहे. आतून फाटून भरली आहे, म्हणून कडक झाली. ताई, कोणी सांगितलं होतं ओढायला?"

मुलगी खाली बघत राहिली. जावई म्हणाले, "ती मालिशवाली होती ना धुळ्याची, तिनेच सुरुवातीला केलं असणार. अडाणी बाया असतात, डॉक्टर." मुलगी पोराच्या बुटांचे बंद बांधू लागली. तिला सगळं आठवत होतं, पण माझी लाज राखत होती. ती खोटं बोलली नाही आणि खरंही बोलली नाही. माझ्याकडूनच शिकली म्हणायची.

अक्काच्या नावावर हे खपलं असतं. अक्का धुळ्यात, तिला कधी कळणारही नव्हतं. पण ते मात्र माझ्याने झालं नाही. मी म्हटलं, "तिने नाही. ती नको म्हणत होती. मी सांगितलं. मी नर्स होते, तेहतीस वर्षं."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, पूर्वी सगळीकडे तसंच सांगायचे. कॉलेजात आम्हालाही तेच शिकवलं होतं. मीसुद्धा सुरुवातीच्या काळात कित्येक आयांना ओढायला सांगितलं. आता नवीन कळलं, आता बदलायचं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." इतक्या चांगल्या माणसासमोर बसून मी आणखीच लहान झाले. नव्याने कळून मला किती वर्षं झाली होती, ते त्यांना कुठे ठाऊक होतं?

त्यांनी मलम लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ आईने बाहेरून, कडेला पातळ लावायचं, ओढायचं अजिबात नाही. सहा आठवडे बघू. सैल झालं तर ऑपरेशनची गरज नाही, नाही झालं तर करावं लागेल. आणि आंघोळीला त्याच्या अंगावर कोणी हात टाकायचा नाही, त्याच्या हातात पाण्याचा मग द्या, त्याचं तो पाणी ओतेल. पुढे मोठेपणी कातडी सहज मागे सरकायला लागली की त्यानेच हळूच मागे घेऊन पाण्याने धुवायचं आणि आठवणीने परत पुढे आणायची. मागेच अडकून सुजली तर घरी बसून राहू नका, तडक या. जावयांनी हे सगळं मोबाईलवर लिहून घेतलं. बापाने लिहून घेतलं हे मला आवडलं.

सहा आठवडे मी जळगावातच राहिले. सहा आठवडे म्हणजे किती असतात ते मला विचारा. पहिले आठ-दहा दिवस बादलीचा आवाज झाला की पोर पलंगाखाली. मुलगी मोरीच्या दाराशी बसून हाका मारायची, पाण्याने भरलेला मग पुढे करायची, आणि तो भिंतीला पाठ लावून उभा. मी आत जात नव्हते. मी स्वयंपाकघरात कणीक मळत बसायचे, आधीच मळलेली कणीक पुन्हा मळायचे. जेवण जात नव्हतं. मोलमजुरी न करता अंग दुखायचं. रोज मनात एकच, सुटू दे बाबा, सैल होऊ दे, त्या पोराला टेबलावर नको घ्यायला. देवाला नवस बोलायचंही धाडस होत नव्हतं, कोणत्या तोंडाने बोलणार?

तिसऱ्या आठवड्यात एकदा तो आपण होऊन मग घेऊन आत गेला. पाणी डोक्यावर ओतलं, पोटावर ओतलं, अर्धं बाहेर सांडलं. मुलगी बाहेर येऊन पदरात तोंड घालून रडली. धार हळूहळू जाड होत गेली. शू करताना ओरडणं थांबलं. पण मी नर्स, माझा भरवसा बसेना.

सहा आठवड्यांनी पुन्हा दवाखान्यात गेलो. दुपारचं ऊन असं की डांबर मऊ झालेलं. डॉक्टरांनी पुन्हा तसंच विचारून, तसंच तपासून पाहिलं. म्हणाले, "छान. लाली गेली, कडा मऊ झाल्यात. मलम आणखी थोडे दिवस, मग बंद. ऑपरेशन नको. आता याला मोठं होऊ द्या आणि ही जागा त्याची त्याच्यावर सोपवा."

जावयांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला. मग ते गाडी आणायला गेले. आम्ही तिघं बाहेर लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. नातू उन्हाने पेंगुळला होता, माझ्या खांद्यावर मान टाकून झोपून गेला. सव्वातीन वर्षांचं पोर म्हणजे चांगलं ओझं, पण मला ते खाली ठेववेना.

मुलगी हसत होती, किती दिवसांनी. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "आई, आता तू पण सोड ते. सहा आठवडे धड जेवली नाहीस. तुला तरी कुठे माहीत होतं? शिकवलं तेच सांगितलंस."

घ्यायचं होतं मी ते. ती देत होती, मी नुसतं घ्यायचं होतं. सगळं बरं झालं होतं, पोर खांद्यावर झोपलेलं, आता कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी "हो गं" म्हणायला तोंड उघडलं. पण ती इतक्या विश्वासाने माझ्याकडे बघत होती, बाळाला घेऊन सासरी निघताना गाडीत बसून बघितलं होतं तसंच, आणि पुन्हा एक 'हो' म्हणायचं माझ्या अंगात त्राण नव्हतं.

"माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"ओढायचं नसतं हे. हा जन्मायच्या आधीपासून माहीत होतं. ट्रेनिंगला सांगितलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलं आहे."

 दंडावरचा हात तिने काढला. "मग त्या दिवशी मला दाखवलंस ते?"

"अक्का मध्ये बोलली म्हणून. तिच्यासमोर मला..."  जे होतं ते इतकंच होतं, त्याला जोडायला दुसरं काही नव्हतं.

"आई," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "पहिलं वर्षभर मी आंघोळीच्या वेळी तुला फोन लावायचे. स्पीकरवर ठेवून, मोरीच्या खिडकीत. बरोबर करतेय की नाही म्हणून. तो रडायचा ते तुला ऐकू यायचं?"

"यायचं."

"आणि तू म्हणायचीस, होईल सवय."

 समोरून गाडी येताना दिसली. मुलीने दोन्ही हात पुढे केले आणि झोपलेल्या पोराला माझ्या खांद्यावरून काढून घेतलं.